उजवी पाकळी

१६ एप्रिल १९८७

सगुण,

सोमवारी सकाळी बेळगावात मी तुझ्यासमोरच्या फुटपाथवर उभा होतो, आणि तुला हाक न मारता परत फिरलो.

देवळातल्या ढोलाचे कातडे शिमग्यात फाटले, ते बसवून आणायला गेलो होतो. कारागीर म्हणाला, दुपारी या. म्हणून हिंडत होतो. एका लाकडाच्या वखारीच्या दारात एक माणूस फळी मापत होता. आतून कोणी तरी "सदाभाऊ" अशी हाक मारली, त्याने मान वर केली. दाढी वाढलेली, अंग भरलेले. मी पुढे निघूनही गेलो असतो. तेवढ्यात चहा आला. त्या माणसाने कपात बोट बुडवून एक थेंब बाहेर शिंपडला आणि मग कप तोंडाला लावला.

बार्जवरची माणसे पहिला थेंब नदीला देतात. बेळगावच्या रस्त्यावर नदीला कोण देतो?

मग तू गिऱ्हाइकाला म्हणालास, "बसा की ओ, आत्ता कापून देतो." आवाज तुझा, बोलणे तिकडचे. एक लहान मुलगी डबा घेऊन आली आणि तुझ्या पायाला बिलगली. माझी बस चुकली असती, म्हणून मी निघालो. वखारीच्या पाटीवरचा पत्ता बसच्या तिकिटामागे लिहून घेतला. पाकिटावर तुझे तिथले नाव घातले आहे, आत खरे.

इथले तुला कितपत कळले असेल कोण जाणे. म्हणून सांगतो.

सात वर्षांपूर्वी खनिजाने भरलेली तुमची बार्ज काबोच्या टोकापाशी वाऱ्यात उलटली. गौरेश आणि निवृत्ती करंजाळेच्या किनाऱ्याला लागले. तू लागला नाहीस. दोघांच्या बाराव्याला वडीलधारे म्हणाले, दर्भाचा पुतळा करून सगुणचेही उरकून घ्या. तुझी सुमंगला आतून बाहेर आली. एवढ्या पुरुषांसमोर ती कधी बोलली नव्हती. म्हणाली, "देवीक विचारलेबगर म्हजें कुंकूम कोणेंच पुसप ना."

पाकळ्या मीच लावल्या. आपल्या घराण्याचे काम, दुसरा कोण लावणार? सातेरीच्या पाषाणावर उजवीकडे एक, डावीकडे एक, पाण्याने चिकटवलेली; जी आधी पडेल तो कौल. सुमंगलाने विचारले, तो जिवंत असेल तर उजवी दे. सगळा गाव देवळात दाटला होता. गौरेशची आई देवकी खांबाला टेकून उभी होती, कोणी तरी तिला धरले होते.

उजवी पडली.

तेव्हा देवकीने काय केले ते सांगतो. तिच्या एकुलत्या एका मुलाला जाळून दोन आठवडेही झाले नव्हते. ती पुढे आली, तिने सुमंगलाचे तोंड दोन्ही हातांत धरले आणि म्हणाली, "एक तरी आसा गे." मग देवळातली सगळीच माणसे रडली. त्याआधी कोणाला नीट रडताही आले नव्हते. बार्जवर पुन्हा चढायला कोणी तयार नव्हते, ते पावसाळ्यानंतर चढले. देवीने सगळेच नेले नाहीत, एवढ्या आधारावर चढले.

तेव्हापासून दरवर्षी, पेरणीचा कौल झाला की सुमंगला तोच प्रश्न विचारते. दरवर्षी उजवी. दरवर्षी देवकी तिच्या शेजारी उभी.

आणखी एक. तू येईपर्यंत कुठलीच नदी ओलांडणार नाही असे तिने देवीपुढे बोलून ठेवले आहे. माहेर मोप्याला, वाटेत कोलवाळचा पूल. तिची आई सरस्वतीकाकी पाडव्यापासून अंथरुणावर आहे. रोज लेकीचे नाव घेते म्हणे. भाऊ दोनदा न्यायला आला. ती गेली नाही.

यंदाचा कौल ३१ मेला, रविवारी आहे. त्याआधी ये. तुला काय बोलायचे ते तिथे बोल, किंवा बोलू नकोस, पण ये.

शंभू


६ मे १९८७

सगुण,

तुझे कार्ड मिळाले. "आपण समजता तो सगुण मी नव्हे. माणसासारखा माणूस असतो. आपा, परत लिहू नये."

माझ्या पत्राखाली शंभू अशी सही होती. मला आपा म्हणतात हे बेळगावच्या त्या सदाभाऊला कोणी सांगितले?

मला हसू आले, खरेच. लहानपणी गूळ खाऊन हात पाठीमागे धरायचास आणि तोंड पुसायचे विसरायचास. कार्ड चुलीत टाकले. इथे ते कोणाच्या हाती लागायला नको होते.

मीही तुला सगळे खरे लिहिले नाही. बस चुकण्याचे कारण खोटे. संध्याकाळपर्यंत मी समोरच्या हॉटेलात बसून होतो. तुझी मुलगी भुशाच्या ढिगावर खेळत होती, तू मधूनमधून तिच्या केसांतला भुसा काढत होतास. तिची आई तिला न्यायला आली. साधी बाई. तिला यातले काही माहीत नसणार असे तिच्या चालण्यावरून वाटले. कशावरून वाटले ते विचारू नकोस.

आणि तुला ओळखले तेव्हा माझ्या मनात पहिले काय आले, तेही सांगतो. भाऊ जिवंत आहे, हे नव्हे. पाकळी खरी होती, हे आले. माझ्या अंगातून एवढे ओझे उतरले की मी पायरीवर बसलो. म्हणजे सात वर्षे मी देवीपुढे उभा राहून तिच्यावरच संशय धरून होतो की काय? लोक माझ्या हाताकडे बघून धीर धरत होते, आणि त्या हातालाच खात्री नव्हती. हे मला अजून पचलेले नाही.

आता तर आणखी वाईट झाले आहे. सुमंगला विचारणार, आणि उत्तर मला आधीच ठाऊक. कौल म्हणजे काय? जे माणसाला कळत नाही ते देवीपुढे ठेवायचे. मला कळलेले असताना मी पाकळी कोणत्या तोंडाने लावू? उजवी पडली, तर ती पुन्हा वर्षभर उंबऱ्यात बसणार आणि तिकडे सरस्वतीकाकी तिची वाट बघत डोळे मिटणार. डावी पडली, तर देवी खोटी.

काल दुपारी घरात कोणी नव्हते. मी पाट्यावर दोन पाकळ्या लावून बघितल्या. एका बोटाला पाणी जास्त, एकाला कमी. कमी पाण्याची आधी पडते. मला हवी ती बाजू पाडता येते, सगुण. बाबांनी हे कधी सांगितले नव्हते. कदाचित त्यांनी करून पाहिले नसेल. मी केले. डावी पाडून तुला मेलेला ठरवता येईल, तेराव्या दिवशी सुमंगला मोकळी. तू तिकडे सदाभाऊ, कोणाचे काही बिघडणार नाही.

पाटा मी दोनदा धुतला. संध्याकाळी दिवा लावायला देवळात गेलो तर पाषाणाकडे बघवेना.

तूच येऊन यातून सोडव. दुसरे काही मागत नाही.

आपा


२९ मे १९८७

सगुण,

कार्ड नाही, तू नाहीस. पत्र परत आले नाही म्हणजे तुला मिळाले आहे.

इथे उद्याची धावपळ चालू आहे. उद्यापासून गोवा राज्य होणार. डिचोलीत कमानी उभ्या केल्या आहेत, शाळेतल्या मुलांना लाडू मिळणार आहेत. तू गेलास तेव्हा भाषेवरून कोणी भांडत नव्हते. गेली दोन वर्षे आपल्या गावात एका पेटीवर दोन भजनी मंडळे बसतात, एक मराठीवाल्यांचे, एक कोंकणीवाल्यांचे. अभंग दोघेही तेच म्हणतात. मला दोन्हीकडचे लोक विचारतात, तू कोणाचा? मी म्हणतो, मी ढोलाचा. मास्तरांनी लिहायला मराठी शिकवली म्हणून तुला हे असे लिहितो. देवीपुढे गाऱ्हाणे घालायला उभा राहिलो की आईची भाषा तोंडात येते. त्यात निवड कधी करावी लागली नाही.

गाऱ्हाण्याचे एक सांगायचे होते. तुमची बार्ज गेली त्या वर्षापासून मी एक वाक्य जास्त घालतो. "उदकांत गेल्ल्यांक थाव दी, उदकांतल्यान वाचिल्ल्यांक वाट दाखय." पाण्यात गेलेल्यांना ठाव दे, पाण्यातून वाचलेल्यांना वाट दाखव. सगळा गाव "व्हय आई" म्हणतो. काल सराव म्हणून ते पुटपुटत होतो आणि दुसऱ्या अर्ध्यापाशी अडलो. ही वाट सात वर्षे मी तुझ्यासाठीच मागत होतो. देवीने ती दाखवली, माझ्याच पायांना. ढोल फुटला, मी बेळगावला गेलो, कारागीर दुपारी या म्हणाला. यापेक्षा स्पष्ट ती काय करणार? आणि मी फुटपाथवरून परत आलो.

आज सकाळी सुमंगलाचा भाऊ पुन्हा आला होता. तो अंगणात उभा राहून म्हणाला, "आवय आतां पेजय गिळना. तुज्या देवीक सांग, मातशी सुट्टी दी म्हण." आई पेजही गिळेना, देवीकडून थोडी सुट्टी घे, असे. तो गेल्यावर ती माझ्याकडे आली. "आपा, आयतारा पाकळ्यो बऱ्यो लाय हां. ह्या वर्साक म्हजो जीव थाऱ्यार ना."

रविवारी पाकळ्या चांगल्या लाव. तिने मला सांगितले. मी तिच्या तोंडाकडे बघू शकलो नाही. काय करणार आहे ते मलाच ठाऊक नाही. देवळात जातो, परत येतो. जेवायला बसतो, उठतो. घरची म्हणते, अंगात काही शिरले आहे.

हे पत्र तुला रविवारआधी मिळणार नाही, तरी उद्याचा दिवस तुझ्याकडे आहे अजून.

आपा


बेळगाव, ५ जून १९८७

सगुण,

आधी वाचून घे.

रविवारी देवळात एवढी गर्दी कधी बघितली नव्हती. आदल्या दिवसाच्या पताका कोणी तरी देवळाच्या दारातही लावल्या होत्या. मी पाकळ्यांचे ताट घेऊन गाभाऱ्यात गेलो तसा फेरीबोटीवरचा प्रमोद मागून ओरडला, "आपा, आयज राजभाशेंत विचार हां! ना जाल्यार अर्ज परतो येतलो!" दुसऱ्या मंडळातला कोणी म्हणाला, "देवी सरकारी नोकर न्हय रे. ती आयकता." दोन्ही मंडळे एकत्र हसली. दोन वर्षांत पहिल्यांदा. मी गाऱ्हाणे घातले, सगळ्यांनी एका आवाजात "व्हय आई" म्हटले. पेरणीची पाकळी उजवी पडली. माझ्या हाताला पाणी दोन्हीकडे सारखे होते, हे तुला शपथेवर सांगतो.

मग सुमंगला पुढे आली. हिरवे लुगडे, कपाळभर कुंकू. देवकी तिच्या शेजारी, नेहमीच्या खांबापाशी. मी दोन पाकळ्या पाण्यात बुडवल्या. हात पाषाणापर्यंत नेला. आणि परत आणला.

ताट खाली ठेवले. म्हटले, "सुमंगला, आयज विचारूं नाका. हांवें ताका पळयलां. बेळगांवांत आसा. जितो आसा."

त्याला मी बघितले आहे, हे शेवटी तोंडातून निघाले. मी वाट बघत होतो की ती पडेल, किंकाळी फोडील, देवीवर हात उगारील, माझ्यावर उगारील. तिने फक्त विचारले, "बरो आसा?"

म्हटले, बरा आहे. घर आहे. एक मुलगी आहे.

ती पाषाणाकडे वळली. मग म्हणाली, "म्हणटकच देवी फट उलोवंक ना."

देवी खोटे बोलली नव्हती. मला वाटले, बाई भ्रमली. पण तिचा आवाज शांत होता. ती म्हणाली, "सात वर्सां हांवें जितो आसा काय, इतलेंच विचारलें. येतलो काय, अशें केन्नाच विचारूंक ना. भंय दिसतालो. जितलें विचारलें, तितलेंच तिणें सांगलें."

म्हटले, मग तो येणार का, हे आता विचारतेस? पाकळ्या भिजलेल्या आहेत.

"कित्याक? जें आपणाक कळना, तें देवीक विचारचें. हें म्हाका कळटा." तू येणार नाहीस हे तिला ठाऊक होते, सगुण. नुसता पत्ता कळायचा राहिला होता. तिने माझ्या हातातून दोन्ही पाकळ्या घेतल्या, न विचारता देवीच्या पायांशी ठेवल्या, नमस्कार केला. मग मला म्हणाली, "आपा, मोप्या वचपाक बस कितल्याक आसा?"

दुसऱ्या दिवशी ती कोलवाळच्या पुलावरून पलीकडे गेली. घरची तिच्याबरोबर होती. सांगत होती, पुलावर तिने खिडकीतून हात बाहेर काढला आणि नाणे खाली सोडले, एवढेच. सरस्वतीकाकी अजून आहे. लेकीच्या हातची पेज घोटभर जाते. मंगळसूत्र सुमंगलाने काढलेले नाही, आणि काढणार का हे मी विचारणार नाही. देवीपुढचा बोल कसा फेडायचा तेही तिने माझ्याकडे विचारले नाही. तिचे आणि देवीचे त्या दिवशी काय ठरले ते तिला माहीत.

आता देवकीचे सांगतो.

त्या दिवशी देवळात मला मारायला उठली असेल तर ती एकटीच. खांब सोडून सरळ माझ्यापुढे आली. बघ, ती आता पार वाकली आहे, पण त्या वेळी ताठ होती. "तो थंय जितो आसा, आनी सात वर्सां च्या पियेत बसला? म्हज्या पुताचीं निमाणीं उतरां ताच्याकडे आसात, आनी तो ओगी?" तिच्या मुलाचे शेवटचे शब्द तुझ्यापाशी, आणि तू गप्प. निवृत्तीची बायको तिला आवरायला आली, तिलाही तिने ढकलले. लोक बाजूला झाले. मग ती तिथेच पायरीवर बसली, पदराने तोंड पुसले, आणि थोड्या वेळाने कोणाशी तरी बोलावे तसे पाषाणाकडे तोंड करून बोलली. ते मी तसेच लिहितो. "आतां कळ्ळें. तिगांतल्या एकल्याक तुवें कित्याक राखलो तें. म्हाका सांगपाक राखलो."

तिघांतला एक देवीने का राखला? तिला सांगायला. सात वर्षे ती रोज देवळात येऊन हाच प्रश्न विचारत असली पाहिजे, आणि मी शेजारी उभा राहून निर्माल्य काढत होतो. मला कधी ऐकू आला नाही.

घरी येऊन तिने बोचके बांधले. मी म्हटले, मी जातो, विचारून येतो. ती म्हणाली, "तूं? तूं एकदां गेल्लो न्हय?" मग आम्ही दोघेही निघालो.

तुझ्यावर राग धरून ती आली आहे असे समजू नकोस. राग तिने पायरीवरच टाकला, मी बघितले. सुकाणूवर तू होतास हे तिला माहीत आहे, पहिल्यापासून सगळ्या गावाला माहीत आहे. कोणी तुझ्या नावाने बोटे मोडली नाहीत. वारा कोणाच्या हातात नसतो हे बार्जवाल्यांच्या बायकांना मी सांगायला नको. तू कशाला घाबरून लपलास ते मला आता थोडेसे कळते, आणि तुला सांगतो, ते इथे नव्हतेच. तुझ्या घरच्यांना काही कळू द्यायचे नसेल तर तीही बोलणार नाही, आम्ही तसे ठरवून आलो आहोत. तिला फक्त गौरेशचे ऐकायचे आहे. तो हाक मारत होता का, कोणाला मारत होता, पाणी लागले तेव्हा त्याला कळले का. तू बघितले असशील ते खरे सांग. तिच्यासाठी गोड करू नकोस. तिला ते कळते.

घाटात तिला दोनदा उलटी झाली, पण उलटीवर म्हणून दिलेले मोसंबे खाल्ले नाही. देवीचा नारळ मांडीवर धरून बसली होती, तुझ्यासाठी आणला आहे.

हे मी बसस्थानकाच्या बाकावर बसून लिहिले. उजाडून वखार उघडेपर्यंत आम्ही इथेच थांबू. मग रस्ता ओलांडायच्या आधी मी हे तिच्या हातात देईन. तुझ्या हातात हे पोस्टमनने ठेवलेले नाही, सगुण. समोर उभी आहे ती गौरेशची आई. तिला बसायला दे. चहा मागव, पहिला थेंब ती देईल.

मी पलीकडच्या फुटपाथवर आहे, त्या सोमवारी होतो तिथेच. पण आज हाक मारली आहे. मान वर कर.

आपा